नारायणन यांची पंच्याण्णव टक्के मते आणि आपला महाराष्ट्र

दलित समाजात जन्मलेला माणूस पंच्याण्णव टक्के मतांनी या देशाचा राष्ट्रपती झाला, ही गोष्ट आपल्या वस्त्यांत आजही अभिमानाने सांगितली जाते. गोष्ट खरी आहे. १४ जुलै १९९७ रोजी मतदान झाले, १७ जुलैला निकाल लागला आणि २५ जुलैला के. आर. नारायणन यांनी शपथ घेतली. त्यांना ९,५६,२९० मतमूल्य मिळाले. प्रतिस्पर्धी टी. एन. शेषन यांना मिळाले ५०,६३१. वीस मतांमागे एकोणीस नारायणन यांची आणि एक शेषन यांचे. इतका एकतर्फी निकाल लागला की कोणीही म्हणेल, सारा देश एकमुखाने उभा राहिला.

परंतु देशाचा आकडा पाहून थांबू नये. कुटुंबाचा महिन्याचा जमाखर्च मांडला की एकूण बेरीज दिसते, पण पैसा कोठे गेला ते कळायला एकेक ओळ वाचावी लागते. त्या निवडणुकीच्या जमाखर्चातली महाराष्ट्राची ओळ वाचली पाहिजे. कारण बाबासाहेबांच्या महाराष्ट्रात, ठाणे-कल्याणच्या आपल्या पट्ट्यात, ती निवडणूक देशाइतकी एकतर्फी नव्हती. शिवाय त्याच आठवड्यात घाटकोपरला जे घडले, ते आठवल्याशिवाय तो निकाल आपल्याला वाचताच येत नाही.

राष्ट्रपतीला मत कोण देतो?

आधी थोडे गणित. घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलीला पाटी घेऊन शेजारी बसवा. पुस्तकातल्या नागरिकशास्त्रापेक्षा हे लवकर कळेल.

राष्ट्रपतीला आपण थेट मत देत नाही. आपण निवडून दिलेले आमदार आणि खासदार देतात. विधान परिषदेचे आमदार आणि नियुक्त सदस्य यांना या निवडणुकीत मत नसते. विधानसभेच्या प्रत्येक आमदाराच्या मताला ठराविक किंमत असते, तिला मतमूल्य म्हणतात. ते काढण्याची रीत अशी: राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या आकड्याला पुन्हा एक हजाराने भागायचे. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची धरतात. त्या वर्षी महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. आमदार २८८. भागाकार येतो १,७५,०४२. हजाराने भागले की १७५. म्हणजे महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ चे. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८ चे, नारायणन यांच्या केरळातल्या आमदाराचे १५२ चे आणि चिमुकल्या सिक्कीमच्या आमदाराचे फक्त ७ चे.

आता खासदार. देशातल्या सर्व आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करून तिला निवडून आलेल्या ७७६ खासदारांनी भागतात. १९९७ साली हा आकडा ७०८ आला. अशा रीतीने सगळ्या आमदारांचे वजन आणि सगळ्या खासदारांचे वजन जवळजवळ समसमान राहते.

महाराष्ट्राचे २८८ आमदार गुणिले १७५ म्हणजे ५०,४००. लोकसभेचे ४८ आणि राज्यसभेचे १९ मिळून ६७ खासदार गुणिले ७०८ म्हणजे ४७,४३६. दोन्ही मिळून ९७,८३६. देशाच्या सुमारे अकरा लाखांच्या एकूण मतमूल्यात आपल्या राज्याचा वाटा हा एवढा.

दोन्ही उमेदवार केरळचे

नारायणन यांचा जन्म कोट्टायम जिल्ह्यातल्या उळवूर गावचा. परवन या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे, गरीब घरातले. शाळेसाठी रोज मैलोन्‌मैल पायी जायचे. पुढे टाटांची शिष्यवृत्ती मिळवून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकले. बाबासाहेबही याच संस्थेचे विद्यार्थी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नारायणन १९४९ साली परराष्ट्र सेवेत आले, चीन आणि अमेरिका या देशांत राजदूत झाले, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ओट्टपालम मतदारसंघातून तीनदा लोकसभेवर निवडून गेले. १९९२ साली त्यांचे नाव विश्वनाथ प्रताप सिंग यांनी पुढे आणले आणि ते उपराष्ट्रपती झाले. त्या वेळी ७०१ वैध मतांपैकी ७०० त्यांना पडली होती. विरोधी उमेदवार काका जोगिंदर सिंग यांना एकच मत.

शेषन हेही केरळचेच, पालघाटचे. सनदी अधिकारी. डिसेंबर १९९० पासून डिसेंबर १९९६ पर्यंत ते मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांच्याबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. आचारसंहिता कागदावरून उठून रस्त्यावर आली ती त्यांच्या काळात. भिंती रंगवणे, रात्रभर कर्णे लावणे, मतदाराला दमदाटी करणे याला त्यांनी चाप लावला. मतदाराचे फोटो ओळखपत्र आले तेही त्यांच्याच आग्रहाने. झोपडीत राहणाऱ्या माणसाच्या हाती सरकारचा एक पक्का कागद पडला, ही लहान गोष्ट नव्हती. तेव्हा १९९७ मध्ये लायक आणि नालायक अशी लढत नव्हती. प्रश्न एवढाच होता की स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी देशाच्या सर्वोच्च पदावर प्रथमच दलित माणूस बसत असताना कोणता पक्ष कोठे उभा राहतो.

महाराष्ट्राची ओळ

केंद्रात इंद्रकुमार गुजराल यांचे संयुक्त आघाडीचे सरकार होते. काँग्रेसने नारायणन यांना पाठिंबा दिला, भारतीय जनता पक्षानेही दिला, डावे तर सोबत होतेच. मोठ्या पक्षांपैकी एकच पक्ष शेषन यांच्या बाजूने गेला. तो पक्ष म्हणजे शिवसेना. आणि शिवसेना त्या वेळी महाराष्ट्रात राज्य करीत होती.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे ८०, शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार निवडून आले होते. अपक्षांना घेऊन युतीचे सरकार बनले. मुख्यमंत्री शिवसेनेचे मनोहर जोशी, उपमुख्यमंत्री भाजपचे गोपीनाथ मुंडे. एका मंत्रिमंडळातले हे दोन पक्ष राष्ट्रपतीपदासाठी दोन बाजूंना उभे राहिले.

आता पुन्हा पाटी घ्या. ७३ आमदार गुणिले १७५ म्हणजे १२,७७५. १९९६ च्या लोकसभेत शिवसेनेचे १५ खासदार होते. १५ गुणिले ७०८ म्हणजे १०,६२०. बेरीज २३,३९५. मतदान गुप्त असते, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. म्हणून अमुक आमदाराने अमुकाला मत दिले असे कोणाच्याही नावावर लिहिता येत नाही. परंतु पक्षाने ठरवल्याप्रमाणे मते पडली असतील, तर शेषन यांच्या ५०,६३१ पैकी जवळजवळ निम्मी मते एकट्या महाराष्ट्रातल्या शिवसेनेची ठरतात. देशात वीसांत एक आणि महाराष्ट्राच्या विधानसभेत चारांत एक, असा हा फरक आहे.

हाच हिशेब दुसरीही एक गोष्ट सांगतो. ५०,६३१ मधून २३,३९५ वजा केले की २७,२३६ उरतात. शिवसेनेचे राज्यसभेतले मोजके सदस्य धरले तरी हा आकडा फारसा खाली येत नाही. मग ही मते कोणाची? काही अपक्षांची असतील. परंतु बाकीची अशा पक्षांच्या लोकांची, ज्यांनी जाहीरपणे नारायणन यांना पाठिंबा दिला होता. व्यासपीठावर हार घालायचा आणि पडद्याआड चिठ्ठी वेगळी टाकायची, असे करणारेही त्या निवडणुकीत होते. शिवसेनेने आपली बाजू निदान उघड सांगितली. झाकून मत देणाऱ्यांची नावे कधीच कळणार नाहीत.

शेषन यांची अनामत रक्कम जप्त झाली. कायद्याप्रमाणे, विजयासाठी लागणाऱ्या मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत की ती जाते. त्याच वर्षी ही रक्कम पंधरा हजार रुपये करण्यात आली होती.

तोच आठवडा

आता तारखा एका ओळीत ठेवून पाहा.

११ जुलै १९९७, शुक्रवार. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेली वस्ती पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरली. ठाण्याहून मुंबईला जाणारा हाच तो रस्ता. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा माणसे ठार झाली.

१४ जुलै, सोमवार. राष्ट्रपतीपदाचे मतदान. महाराष्ट्राचे आमदार विधान भवनात मत देत होते. घाटकोपरचे रक्त सांडून तीनच दिवस झाले होते.

१५ जुलै. शाहीर विलास घोगरे यांनी या हत्याकांडाच्या दुःखात आपल्या घरी गळफास घेतला.

१७ जुलै. नारायणन विजयी झाल्याचे जाहीर झाले.

एकाच आठवड्यात एकीकडे देशाचे सर्वोच्च पद आणि दुसरीकडे छातीवर गोळी. त्या दिवसांत ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत आपल्या कोणत्या घराने हे दोन्ही एकदम सहन केले नसेल? आनंद मानायचा की सुतक पाळायचे, तेच कळत नव्हते.

आणि इथेच जमाखर्चातली सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. त्या वेळी गृहखाते उपमुख्यमंत्री मुंडे यांच्याकडे होते, म्हणजे ज्या पक्षाने नारायणन यांना पाठिंबा दिला त्याच पक्षाकडे. मुख्यमंत्रीपद शेषन यांना पाठिंबा देणाऱ्या पक्षाकडे होते. तेव्हा राष्ट्रपतीपदासाठी कोणी कोणाला मत दिले यावरून रमाबाई नगरातल्या माणसाचा जीव वाचणार की जाणार हे ठरत नव्हते. दिल्लीत दलित राष्ट्रपतीला मत देणे सोपे होते. मुंबईत दलित वस्तीवर बंदूक न उचलणे अवघड ठरले. पंच्याण्णव टक्क्यांचा आकडा हे सांगत नाही. ते राज्याच्या ओळीत वाचावे लागते.

न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने पुढे हा गोळीबार समर्थनीय नसल्याचा निष्कर्ष काढला. गोळीबाराचा आदेश देणारे राखीव दलाचे अधिकारी मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ साली जन्मठेप सुनावली आणि नंतर उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. दहा माणसे गेली आणि खालच्या कोर्टाचा निकाल यायला बारा वर्षे लागली.

मग राष्ट्रपती होऊन काय झाले?

हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर नेहमी निघतो. एक माणूस वर बसला म्हणून आपल्याला काय मिळाले?

घटना लिहितानाच बाबासाहेबांनी घटना समितीत स्पष्ट केले होते की आपला राष्ट्रपती राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. तेव्हा नारायणन घाटकोपरला पोलीस पाठवू शकत नव्हते आणि मागेही घेऊ शकत नव्हते. परंतु पदाची जी मर्यादा होती तिच्या आत राहून त्यांनी ते पद वापरले. शोभेची बाहुली झाले नाहीत.

ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. नारायणन यांनी ती फेरविचारासाठी परत पाठवली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारने बिहारबाबत तशीच शिफारस केली, तीही परत गेली. एकदा एका बाजूचे सरकार, एकदा दुसऱ्या बाजूचे. दोघांनाही घटनेची तीच फूटपट्टी.

जानेवारी २००० मध्ये घटनेच्या फेरआढाव्याची चर्चा जोरात होती. प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सेंट्रल हॉलमध्ये नारायणन यांनी सगळ्या देशासमोर सवाल टाकला की घटना आपल्याला अपुरी पडली, की आपणच घटनेला पुरे पडलो नाही, याचा आधी विचार करा. बाबासाहेबांची घटना वाचवायला त्या दिवशी मोर्चा नव्हता. त्या खुर्चीतला माणूस बोलला, एवढेच.

आणि एक गोष्ट, जी घरातल्या प्रत्येक नव्या मतदाराला सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रपती नारायणन सामान्य नागरिकासारखे रांगेत उभे राहिले आणि त्यांनी मत दिले. पदावर असताना सार्वत्रिक निवडणुकीत मतदान करणारे ते पहिले राष्ट्रपती. रांगेत उभे राहणे कमीपणाचे नाही, हे देशाच्या प्रथम नागरिकाने करून दाखवले.

राज्याने दिलेले उत्तर

त्याच फेब्रुवारीत महाराष्ट्रानेही मत दिले. १९९६ साली राज्यातल्या ४८ पैकी ३३ जागा शिवसेना-भाजपकडे होत्या. १९९८ साली त्या १० वर आल्या. काँग्रेसला ३३ मिळाल्या. रिपब्लिकन पक्षाचे गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे असे चार नेते लोकसभेत गेले. चौघेही खुल्या मतदारसंघातून. घाटकोपरचा राग हे त्यामागचे एकमेव कारण नव्हते, पण तो मतपेटीत उतरला यात शंका नाही. १९९९ मध्ये ती एकी राहिली नाही आणि पुन्हा आकडा घसरला. एकी टिकली की जागा येतात, फुटली की जातात. याला मोठ्या विश्लेषणाची गरज नाही.

आपल्या पट्ट्याचे काय? १९९६ साली ठाण्यातून शिवसेनेचे प्रकाश परांजपे निवडून आले होते. राज्य बदलले तरी १९९८ सालीही ठाण्याने त्यांनाच निवडून दिले. शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली तीही १९६७ साली ठाणे नगरपालिकेतच, हे पाहता त्यात नवल नाही. कल्याणला तेव्हा स्वतंत्र खासदार नव्हता, कल्याण लोकसभा मतदारसंघ २००९ पासून झाला.

यात मतदाराला दोष देऊन चालणार नाही. वस्तीतला माणूस मत देतो ते नळाला पाणी यावे, झोपडी कायम व्हावी, लोकल वेळेवर धावावी, पोराला नोकरी लागावी म्हणून. आपण दिलेल्या या मताच्या पोटात राष्ट्रपतीचे मतही दडलेले असते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आमदार निवडला की १७५ चे मत निवडले. खासदार निवडला की सातशेच्या घरातले मत निवडले. ते पाच वर्षांत कधीतरी वापरले जाते आणि तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही.

राजकारणात बाजू बदलतात, तेही ध्यानात ठेवावे. शिवसेनेने २००७ मध्ये मराठी म्हणून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, २०१२ मध्ये प्रणव मुखर्जींना दिला, २०१७ मध्ये रामनाथ कोविंद यांना आणि २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना दिला. २०१७ साली तर कोविंद आणि मीरा कुमार, दोन्ही प्रमुख उमेदवार दलित समाजातले होते. दलित उमेदवाराला मत देणे हा आता कोणत्याही पक्षाला पेच वाटत नाही. म्हणूनच आपण एक पाऊल पुढे जाऊन विचारले पाहिजे. उमेदवार कोणत्या जातीचा हे एकदा पाहिले, पण तो त्या खुर्चीत बसून करणार काय? आणि त्याला मत देणारा पक्ष आपल्या वस्तीत, आपल्या पोलीस ठाण्यात, आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या फाईलवर काय करतो?

राजकारणात एक माणूस एक मत आले तरी समाजात विषमता राहील आणि हा विरोध फार काळ चालू देता येणार नाही, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच दिला होता. जुलै १९९७ चा तो आठवडा हा त्या इशाऱ्याचा पुरावा आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, नारायणन यांचा अभिमान जरूर बाळगावा. मुलांना त्यांची पायपीट सांगावी, त्यांची विद्वत्ता सांगावी, त्यांनी परत पाठवलेल्या फायली सांगाव्यात. पण त्याच बैठकीत रमाबाई नगरचे दहा शहीदही सांगावेत. यंदाच्या मतदारयादीत घरातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाचे नाव आहे का ते तपासावे, सासरी गेलेल्या लेकीचे नाव तिकडच्या यादीत चढले का ते विचारावे. आणि आमदारकीचा उमेदवार हात जोडून दारात आला की नळाबरोबर हेही विचारावे: आमच्या नावावर तुम्ही जे १७५ चे मत देणार, ते कोणाला आणि कशासाठी?

जयभीम.